व्यासपीठाखालची नळी

माझी मेहुणी पाणीखात्यात भूजलाचं काम करते. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य ती इतक्या खणखणीत आवाजात म्हणते, की उभ्या आयुष्यात मी नाटकात टाळीचं वाक्यही तसं फेकलं नसेल.

माझ्या लग्नात ती दोन वेण्यांची पोर होती. हात धुतले की मोरीच्या भोकाला डोळा लावून विचारायची, “भावोजी, हे गेलं कुठे?” तिची बहीण कपाळावर हात मारायची. पुढे त्याच प्रश्नाची तिनं नोकरी केली.

आमच्या घरामागच्या मैदानात खात्यानं मोठा खड्डा खणला. रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी वाळू-खडीतून जमिनीत मुरवायचं, म्हणजे वस्तीची आटत चाललेली बोअर भरेल. तिला हे हवंच होतं. पण त्या पाण्यात गॅरेजांचं तेलही येतं. ते माती अडवते की थेट बोअरपर्यंत पोचवते? गाळानं खड्डा कधी तुंबतो? इथल्या जमिनीत हे कुणी तपासलंच नव्हतं. म्हणून तिनं खड्ड्याशेजारी एक नळी खोलवर उतरवून घेतली. आधी थोडं थोडं पाणी सोडून वर्षभर तपासायचं, मग योजना सुरू.

“वर्षभर?” तिचे साहेब ओरडले. “उद्घाटनाचे पाहुणे गुरुवारी येतायत!”

आणि व्यासपीठ नेमकं त्या नळीवर आलं. नळी कापा, सिमेंट भरा, असा हुकूम सुटला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं; तयारी बघायला मी मैदानात गेलो, तर आमच्या बाईसाहेब नळीला खेटून स्टूल टाकून डबा खात बसलेल्या.

“बाई, तुम्ही योजनेच्या विरोधात आहात का?” साहेबांनी येऊन दरडावलं.

“नाही साहेब. पण खाली काय होतं ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे?”

“अहो, जमिनीत गेलं की पाणी शुद्धच होतं. सगळेच म्हणतात.”

“मग मला पगार कशाला देता? सगळ्यांनाच विचारत जा की!”

मी मध्ये पडलो. आमच्या नाटकात भूत रंगमंचाखालून वर यायचं. सुताराला म्हटलं, “फळीत झाकण काप बाबा, नळी राहू दे.” साहेब कसेबसे तयार झाले, पण पाहुण्यांच्या नजरेला ना नळी पडावी, ना बाई, या अटीवर. संताप येतो बघा! जिचं काम, ती व्यासपीठाखाली उकिडवी, आणि वर हारतुरे.

पाहुण्यांनी झडपेचं चाक फिरवलं, पाणी खड्ड्यात धो-धो पडलं, टाळ्या झाल्या. भाषण रंगात आलं, तोच त्यांच्या पायाखाली टीं-टीं वाजू लागलं. पाण्याला टेकली की वाजणारी तिची मोजफीत नळीत उतरली होती. पाहुणे दचकून सरकले. थोड्या वेळानं झाकण उघडलं आणि विस्कटल्या केसांची माझी मेहुणी कमरेपर्यंत वर आली. हातात बाटली, पाण्यावर तेलाचा तवंग.

“बंद करा ते! सभा संपायच्या आत तेल इथवर आलंय. इथली माती काही अडवत नाही.”

समोरून एक बाई उठली. “मग आमच्या बोअरचं पाणी प्यायचं की नाही?”

“मला माहीत नाही. तपासल्याशिवाय पिऊ नका. तपासू दिलं तर सांगेन.”

चाक बंद झालं ते पाहुण्यांची गाडी वळेपर्यंत! संध्याकाळी पुन्हा सुरू. आठवड्यात नळीत सिमेंट, आणि बाईंची बदली पावत्यांच्या खिडकीवर. अहवालात लिहिलं, ‘तांत्रिक अडचण दूर करण्यात आली.’ माझी मेहुणी म्हणजे अडचण! प्रयोगशाळा सोडा, यांना तिची एक साधी नळी सोसवली नाही.

बोअर वस्तीच्या पलीकडच्या टोकाला आहे. खड्डा आणि बोअर यांच्या मधोमध माझं अंगण. परवा सुट्टीच्या दिवशी ती आली, सोबत सभेत उठलेली ती बाई, तिच्या शेजारणी आणि भोक पाडणारा मिस्त्री. अंगणात फेऱ्या मारून माझ्या जास्वंदीपाशी थांबली.

“भावोजी, ही हलवावी लागेल. नळी इथेच बसेल.”

“बोअरपर्यंत तेल पोचलं असेल का गं?”

“मला माहीत नाही!” शेजारची खिडकी उघडली, इतक्या जोरात.

मी कुदळ आणायला आत गेलो.