झडप उघडी

समस्त नागपूरकरांस, आणि विशेषतः सदरमधल्या ज्या गिऱ्हाइकांचे कूलर मी यंदाच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात वेळेवर दुरुस्त करून दिले नाहीत त्यांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, खाली सही करणारा इसम पळून गेलेला नव्हता. तो ऑस्ट्रेलियात होता. तिथे त्याने तीन आठवडे चाकांवरच्या एका पत्र्याच्या खोलीत मुक्काम केला आणि एक चूक केली. चूक लहान नव्हती. तिचा हा जाहीर कबुलीजबाब आहे. टाळ्या शेवटी वाजवायच्या. वाजवाव्याशा वाटल्या तर.

निघण्याआधी मी आईला भेटायला गावी, खाप्याला गेलो. दीड वर्षापूर्वी माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, शांताताईबद्दल, तार आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. ताई तिकडे हृदयविकाराने गेली, एवढंच तारेत होतं. आईने ऐकलं आणि उरलेले तांदूळ निवडून पूर्ण केले. त्या दिवसापासून तिने ताईचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रडली तर नाहीच. चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर विमानात बसलेली मुलगी "पुढल्या वर्षी येते" असं दर पत्रात लिहायची, आणि ते पुढलं वर्ष आलं नाही.

आता भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, मला तिकीट पाठवलं होतं. मी पाया पडलो तेव्हा आई म्हणाली, "तिच्या हातचं काही असंल तं घेऊन येजो."

"म्हणजे साडी?"

"साडी काय तिनं इणली? हातचं म्हणलं मी. कान फुटले काय तुये?"

दीड वर्षात ती ताईबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य. मी ते घडी करून खिशात ठेवल्यासारखं घेऊन निघालो.

अ‍ॅडलेडच्या विमानतळावर एका गोऱ्या साहेबाने माझ्या पिशवीतली लसणाची चटणी उघडून हुंगली. लागोपाठ तीन शिंका दिल्या, आणि मोठ्या आदराने, दोन बोटांत धरून, ती कचऱ्याच्या डब्यात सोडली. त्याला मी माफ केलं आहे. चटणीला मात्र अजून विसरलेलो नाही.

भाऊजी बाहेर उभे होते. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा, बोलणं नाही. ते आधीही कमीच बोलत. दोघांचं बोलणं ताई एकटी बोलून टाकायची. घरी पोचल्यावर त्यांनी मला आत न नेता आधी मागच्या अंगणात नेलं.

"हे पाह्य," ते म्हणाले.

तिथे कॅरॅव्हॅन उभी होती. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर म्हणजे कॅरॅव्हॅन. पण ही समुद्रकिनारी सहलीला जाणाऱ्यांची नाजूक पेटी नव्हती. रस्ता नसेल तिथेही जाता यावं म्हणून भाऊजींनी जुनी घेऊन स्वतः बांधून काढलेली होती. खालचा सांगाडा जाड, स्प्रिंगचे पाटे ट्रकला शोभतील असे, पोटाशी पाण्याच्या दोन टाक्या आणि दगड लागू नयेत म्हणून त्यांच्याखाली पत्रा. आत दोघांपुरता पलंग, गॅसची शेगडी, हातभर ओटा. नऊ वर्षं, दरवर्षी, दोघं नवराबायको हे घर घेऊन देशाच्या पोटात शिरायची. ताई गेल्यापासून ते अंगणातून हललं नव्हतं.

"उभं राहिलं का मरते हे," भाऊजी म्हणाले. "बेअरिंग गंजते, रबर तडकते. म्हणून तुले बलावलं. एकट्यानं नाही होत."

ओट्याखालच्या कपाटात मला तो डबा दिसला. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, तोंडाला पातळ मलमलीचा तुकडा दोऱ्याने बांधलेला. आमच्या खाप्याची रीत. मुगाच्या वड्यांच्या डब्याला झाकण लावायचं नाही. वड्यांना दम लागतो, घाम येतो, बुरशी धरते. फडकं बांधायचं. मी दोरा सोडून पाहिलं. वड्याच होत्या! पेढ्याएवढ्या, प्रत्येकीवर तीन बोटांचा चिमटा. ताई त्या इथे, या कॅरॅव्हॅनच्या छतावर चादर पसरून घालायची, असं भाऊजींनी सांगितलं. आमच्या अंगणात दर उन्हाळ्यात वड्या घालताना तिची आणि आईची जुंपायची. कशावरून, ते मी कधी विचारलं नाही. आम्हा पुरुषांचा वड्यांशी संबंध त्या ताटात आल्यावर सुरू व्हायचा.

"भाऊजी, आईनं तिच्या हातचं काही मागितलंय. यातल्या चार—"

"डब्याले हात नको लावू," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. दोरा पुन्हा बांधला, नीट, दोन गाठी मारून. "तिनं शेवटच्या घातल्या ह्या. दुसऱ्या नाही आता."

मी कपाट लावून टाकलं. पण मी खिशात एक वाक्य घेऊन आलेला माणूस होतो. तीन आठवडे हातात होते.

आम्ही उत्तरेला निघालो. पोर्ट ऑगस्टापर्यंत रस्ता असा की सदरमधल्या माणसाने जमिनीवर लोटांगण घालून त्याला नमस्कार करावा. मारी नावाच्या गावानंतर मात्र डांबर संपलं आणि 'ट्रॅक' सुरू झाला (म्हणजे लाल मातीचा रस्ता, पन्हळी पत्रा आडवा अंथरावा तसा). त्यावरून जाताना माझे दात, माझी मतं आणि माझा चष्मा ही तिन्ही वेगवेगळ्या दिशांनी हलत होती. दोन्ही बाजूंना काही नाही. झाड नाही, घर नाही, कुंपणही नाही. आपल्याकडे ओसाड माळावर निदान एखादी बकरी तरी असते.

अशा मुलखात कॅरॅव्हॅन सांभाळणं म्हणजे दुखणाईत सासूला यात्रेला नेणं. खडबडीत रस्ता लागला की टायरमधली हवा कमी करा, बरा लागला की भरा. दर थांब्याला चाकांचे नट आवळा. पाट्यांना तडा गेला का, वाकून बघा. भाऊजी हे सगळं करायचे. दोन कामं मात्र ताईची होती, ती आता माझ्याकडे आली.

पहिलं काम तापाचं. थांबलो की खाली उतरून चारी चाकांच्या मध्यभागी हाताची मागची बाजू टेकवायची. चटका बसला तर आतलं बेअरिंग बिघडतंय. भाऊजींनी सांगितलं, ताई म्हणायची, "पोराच्या कपायाले लावते तसा हात लाव." त्यांना मूल नव्हतं. मी पहिल्यांदा हात टेकवला तेव्हा भाऊजी तिकडे तोंड करून उभे राहिले.

दुसरं काम निघताना उत्तरं द्यायचं. भाऊजी गाडीत बसून विचारणार, मी कॅरॅव्हॅनच्या दारातून ओरडणार.

"गॅस?"

"बंद!"

"नळ?"

"बंद!"

"खिडक्या?"

"बंद!"

"झडप?"

"उघडी!"

झडप म्हणजे छताच्या पुढच्या बाजूचं लहानसं झाकण. सगळं बंद आणि तेवढं एक उघडं, हे काय खूळ, ते भाऊजींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी आपला देवळातल्या आरतीसारखं ओरडायचो. दुपारी पिठलं आणि पाव खायचो. पिठलं मी करायचो. भाऊजी ते निमूटपणे खायचे, यावरून त्यांच्या दुःखाची कल्पना यावी.

आठव्या दिवशी आम्ही एका 'रोडहाउस'ला पोचलो (पेट्रोल, चहा, टायर आणि गप्पा एकाच छपराखाली विकणारं दुकान). मालक कॉलिन, सत्तरीचा, टोपीला भोकं पडलेली. भाऊजींना बघून तो हात पसरत बाहेर आला.

"दोन वर्षं कुठे होता? आणि शँटा कुठाय? मी तिच्यासाठी नारळ ठेवलाय. मुद्दाम मागवला. हजार मैलांवरून!"

ताई दरवर्षी पुढच्या रस्त्याला लागण्याआधी त्याच्या अंगणात चाकाला कुंकू लावून नारळ फोडायची. अर्धी वाटी त्याला द्यायची. तो दुकानात धावत गेला आणि खरंच नारळ घेऊन आला. केव्हाचा कोण जाणे. हलवला तर आत पाणी वाजत नव्हतं.

भाऊजी पंपाकडे बघत राहिले. मग वळून गाडीत जाऊन बसले. म्हणून ते मला सांगावं लागलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, दोन शब्दांत.

कॉलिनने टोपी काढली. मग त्याने आमच्या पाण्याच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, आणि त्या मुलखात पाणी कोणी असं देत नाही. नारळ त्याने माझ्या हातात ठेवला.

"माझ्याकडून फुटणार नाही," तो म्हणाला.

माझ्याकडूनही फुटला नाही. मी तो गाडीत पायाशी ठेवला.

त्या दिवशी निघताना भाऊजींनी प्रश्न विचारले नाहीत. गॅस नाही, नळ नाही, काही नाही. समोर वारा उठला होता, लाल लोट येत होते. मी कॅरॅव्हॅनमध्ये डोकावलो, तर वर झडप उघडी! नागपूरच्या माणसाला अशा वेळी काही शिकवावं लागतं का? मे महिन्यात आंधी दिसली की आपण शेजाऱ्याच्या खिडक्यासुद्धा लावून येतो. मी झडप खाली ओढली, कडी घातली, वर ओला टॉवेल कोंबला. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि गाडीत येऊन बसलो.

संध्याकाळी एका कोरड्या नाल्याच्या काठी थांबलो. मी चाकांचा ताप पाहिला; नव्हता. भाऊजी कॅरॅव्हॅनच्या दाराशी गेले आणि कडीवर हात ठेवून थांबले. त्यांना आता आठवलं.

"झडप?" त्यांनी विचारलं.

"बंद!" मी म्हणालो. आणि वर असंही म्हणालो, "काळजी नका करू. टॉवेलसुद्धा लावलाय."

त्यांनी दार उघडलं. आत सगळं लाल होतं. पलंग, शेगडी, पेले, ओट्यावरचा रुमाल. कुणीतरी पोत्याने माती उपडी करून गेल्यासारखं.

त्याचं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि ते ऐकून मी मेल्याहून मेलो. गाडी धावते तेव्हा घराच्या मागे पोकळी तयार होते, आणि ती भेगाभेगांतून धूळ आत ओढते. वरची झडप पुढे तोंड करून उघडी असली की उंचावरची हवा तिच्यातून आत भरते आणि धुळीला बाहेर रेटते. सदरमधल्या दुकानात बसून मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना काय सांगत आलो? कूलर हवा आत ढकलतो, म्हणून बाहेरची धूळ येत नाही. तो मीच! ओला टॉवेल कोंबणारा मीच!

भाऊजींनी ओट्याखालचं कपाट उघडलं. डब्यावरच्या मलमलीवर लाल थर बसला होता. त्यांनी दोन्ही गाठी सोडल्या. वाऱ्याला आत जाऊ देणारं फडकं धुळीलाही आत जाऊ देतं. वरच्या वड्या विटकरीच्या तुकड्यांसारख्या दिसत होत्या. आणि वडी धुता येत नाही. पाण्यात घातली की बोटांचा ठसा पहिला जातो.

मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी इचारलंच नाही आज," ते म्हणाले. "मी इचारत होतो, ती सांगत होती. मी इचारलंच नाही."

मग ते पायरीवर बसले आणि रडले. तार करताना, दहन करताना, दीड वर्ष त्या रिकाम्या घरात राहताना ते रडले होते की नाही, मला माहीत नाही. मी शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. मी सकाळपासून झाडत, पुसत, पलंगाच्या गाद्या बडवत होतो. भाऊजी बाहेर चादरीवर डबा उपडा करून बसले होते. दाढीच्या सामानातला लहान ब्रश घेऊन, एकेक वडी हातात धरून झटकत, फुंकर मारत. तळाच्या वड्यांपर्यंत धूळ फारशी पोचली नव्हती. दुपारी त्यांनी मला हाक मारली. वर्तमानपत्राच्या कागदात बारा वड्या वेगळ्या काढल्या होत्या.

"ह्या आईले देजो."

"भाऊजी, ह्या चांगल्या आहेत. मला त्या खराब—"

"खराब माह्याजवळ राहू दे. मले थोडीच खायच्या हायेत?"

मग उठून त्यांनी कॉलिनचा नारळ घेतला, कुंकू नव्हतं म्हणून ओल्या लाल मातीचं बोट चाकाला लावलं, आणि दगडावर नारळ फोडला. आत खोबरं सुटून खडखडीत झालं होतं. आम्ही ते चावून खाल्लं. परतीच्या वाटेवर रोज सकाळी ते विचारत होते आणि मी ओरडत होतो. झडप उघडी! झडप उघडी! अ‍ॅडलेड आलं तेव्हा माझा घसा बसला होता. विमानतळावर निरोप देताना भाऊजी म्हणाले की ते कॅरॅव्हॅन ठेवणार आहेत, पुढल्या वर्षी कॉलिनकडे एकटे जाऊन पाहणार आहेत. प्रश्न कोण विचारणार आणि उत्तर कोण देणार, हे मी विचारलं नाही.

नागपूरला उतरलो आणि दुकानाचं कुलूपही न काढता खाप्याच्या बसमध्ये बसलो. बाहेर कपाशीची बोंडं फुटत होती. माणूस इतका लांब जातो, हजारो मैलांचा मोकळा मुलूख पाहतो, आणि परत येताना मांडीवर कागदाची एक पुडी धरून बसतो. कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी.

आई ओसरीत बसली होती. मी पुडी तिच्या पुढ्यात उघडली. तिने चष्मा लावला. बारा वड्या तिने एकीखाली एक ओळीने मांडल्या, जशा बाजेवर मांडतात. एक उचलली. चिमट्याच्या खाचेत लाल धूळ राहिली होती. मी पुसायला हात पुढे केला तर तिने माझा हात झटकला. मग त्या तीन खाचांत तिने आपली तीन बोटं बसवली. बोटं लहान पडत होती. तिने वडी उलटून पाहिली, तळहातावर तोलून पाहिली. तिचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला, आणि ती एकदम, शेजारच्या अंगणातल्या बाया वळून पाहतील इतक्या मोठ्यानं ओरडली:

"एवढी मोठी वडी घालते का कोणी? अंदरून वाळत नाही म्हणून किती डाव सांगतलं तुले, शांते!"