ड्रायव्हरनं आणून दिलेला विम्याचा नंबर

सायकलवरून शाळेत शिकवायला जाताना अक्कलकोट रस्त्यावर एका ट्रकनं मला उडवलं आणि माझा पाय मोडला. तिसऱ्या दिवशी ट्रकचा ड्रायव्हरच दवाखान्यात आला. वडील त्याच्या अंगावर धावले, तशी त्यानं एक चिठ्ठी पुढं केली.

"गाडीच्या विम्याचा नंबर हाय. दावा लावा की. चूक माजीच हाय, कोर्टात बी तेच सांगीन."

"मालक कामावरून काढील तुम्हाला," मी म्हणाले.

"काढू द्या, ताई. दुसरी गाडी धरीन."

त्यानं खरंच तशी साक्ष दिली. भरपाई यायला दीड वर्ष गेलं, पण तिच्यातून पायाचं दुसरं ऑपरेशन झालं. त्या जूनमध्ये मी काठीशिवाय वर्गात गेले.