उचगावच्या बाईची चिठ्ठी

"एवढं औषध भरून द्या, अण्णा."

मी नवा औंसग्लास उजेडाकडं धरून त्यावरच्या रेघा तपासत होतो. वळून पाहिलं तर एक बाई रिकामी बाटली आणि चिठ्ठी माझ्यापुढं धरून उभी होती. वय चाळिशीचं असेल. डोक्यावर पदर, काखेत भाजीची रिकामी बुट्टी. बाजार उरकून आलेली दिसत होती.

मी त्या दुकानातला नव्हतो. निपाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, ती वाचून औषधं मोजून मिसळून देतो तो कंपाउंडर. आमचा औंसग्लास, म्हणजे औषध मोजायचा पेला, फुटला होता आणि लढाईमुळं काचसामान मिळेना. म्हणून एक दिवसाची रजा घेऊन कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं बेळगावला आलो होतो. दुकानाचे मालक बाळाप्पा माझ्या ओळखीचे. आम्ही एकाच वर्षी कंपाउंडरच्या परीक्षेला बसलो होतो. त्यांचा कंपाउंडर दत्तू जेवायला गेला होता आणि ते स्वतः पडद्यामागं मलम घोटत होते.

"मी इथला नाही, आक्का," मी म्हणालो.

तेवढ्यात आतून बाळाप्पांचा आवाज आला, "कोण आलंय? चिठ्ठी घेऊन आत द्या हो जरा."

बाईनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी चिठ्ठी घेतली.

कागद घड्या पडून मऊ झाला होता. एकाच कागदावर तीन महिन्यांची औषधं एकाखाली एक लिहिली होती. वर बिस्मथ आणि सोडा, म्हणजे पोटातली जळजळ. त्याखाली बेलाडोना, म्हणजे पोटात कळा येऊ लागलेल्या. आणि सगळ्यात खाली, त्याच दिवशी लिहिलेलं, नुसतं मॉर्फिया. हे अफूपासून करतात. यानं दुखणं कळेनासं होतं, आजार जात नाही. पुढं डॉक्टरांनी लिहिलं होतं, लागेल तेव्हा. टॉनिक नाही, दुसरं काही नाही. असे कागद मी निपाणीत पुष्कळ पाहिले होते. ते कुठं संपतात ते मला ठाऊक होतं.

मी चिठ्ठी आणि बाटली आत दिली आणि पुन्हा बाहेर येऊन उभा राहिलो.

"कुणासाठी औषध?"

"मालकास्नी. उचगावास्नं आलोय आमी. लई दीस झालं, पोटात अन्न ठरंना." ती जरा थांबली. "ह्यानं गुण येईल न्हवं?"

"डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर मलाच धीर धर म्हणत्यात."

"मी खरंच या दुकानातला नाही, आक्का."

"तुमीबी टाळायलासा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणत्यात. ठेसनापतोर गाडीतनं न्यायचं, मग रेल्वेत घालायचं. बसलं तरी वरडत्यात वो ते. तुमी रोज औषधं देतासा. तुमास्नी ठावं असंल. न्यावं का?"

मला तिची दया आली. ती चूक नव्हती. चूक पुढं झाली. मिरजेला न्यायचं कोण म्हणतंय, हे मी विचारलं नाही. घरची माणसं म्हणत असतील असं मी धरून चाललो. शेवटी अशी धावाधाव होतेच.

"हे औषध दुखणं थांबवायचं आहे," मी म्हणालो. "आजार बरा करायचं नाही. आता त्यांना हलवून त्रास देऊ नका. जवळची माणसं बोलावून घ्या."

ती रडली नाही. बुट्टी खाली ठेवली, पदर नीट केला.

"लेक खानापुरात दिलीया," ती म्हणाली. "तिला सांगावा धाडतो."

बाळाप्पांनी बाटली आणून दिली, डोस कसा द्यायचा ते समजावलं. ती गेली. आमचं काय बोलणं झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. मीही ग्लास बांधून घेतला आणि मोटार गाठली. खरं सांगायचं तर वाटेत मला बरंच वाटत होतं. सगळ्यांनी टाळलेलं मी सांगितलं, असं.

दीड महिन्यानं बाटल्यांची बुचं आणायला पुन्हा बेळगावला गेलो. काउंटरवर बाळाप्पा एकटेच होते.

"दत्तू कुठाय?"

"काढला त्याला," ते म्हणाले. "काउंटरवर उभा राहून डॉक्टरच्या वर सल्ला द्यायला लागला. उचगावचा एक पेशंट होता. डॉक्टरांनी मिरजेच्या सर्जनला पत्र दिलेलं, ऑपरेशनचं ठरलेलं. ह्यानं त्या बाईला सांगितलं, नेऊ नका. तिनं नेलं नाही. पंधरा दिवसांनी औषध संपलं म्हणून डॉक्टरांकडं गेली तेव्हा कळलं. औषधाच्या दुकानातल्या माणसानंच सांगितलं म्हणाली. तोवर फार उशीर झालेला. डॉक्टर इथं येऊन मला नाही नाही ते बोलले. दत्तू शपथा घेत होता, मी त्या बाईला पाहिलंसुद्धा नाही म्हणून. कोण ऐकतंय?"

"बाळाप्पा, तो मी होतो," मी म्हणालो.

"तुम्ही आला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही," एवढंच ते म्हणाले.

तिथून मी तसाच ती चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हातारे होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॉर्फिया कशाला दिलं होतं, माहीत आहे?"

माझ्या उत्तराची वाट न पाहता तेच पुढं म्हणाले,

"प्रवासाला. गाडीत हादरे बसतील म्हणून. शुक्रवारी निघायचं होतं."

"ऑपरेशननं वाचले असते का?"

"ते मला माहीत नाही. तिथल्या सर्जनलाही पोट उघडल्यावरच कळलं असतं. तुम्हाला मात्र नुसत्या कागदावरून कळलं."

त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

बाळाप्पांनी दत्तूला परत बोलावणं धाडलं. मीही त्याला पत्र लिहिलं, चूक माझी होती म्हणून. तो आला नाही. लोंढ्याला एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला होता. माझ्या पत्राला त्याचं उत्तर आलं नाही, आणि ते यावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? तीन वर्षं त्यानं त्या काउंटरवर एक डोस चुकवला नव्हता, असं बाळाप्पाच नंतर मला म्हणाले.

उचगावला जाऊन त्या बाईला भेटावं, असं कितीदा तरी मनात आलं. जाऊन काय सांगणार? तुमच्या मालकाला कदाचित वाचवता आलं असतं, हे? लेक वेळेवर पोचली का, एवढं विचारायचं होतं. तेही राहून गेलं.

त्यानंतर बावीस वर्षं मी नोकरी केली. गुण येईल का, असं रोज कोणीतरी विचारायचं. मी सांगायचो की मी कंपाउंडर आहे, मला फक्त बाटली भरता येते, डॉक्टर आत बसलेत, त्यांना विचारा. हा माणूस तुसडा आहे, असं निपाणीत माझं नाव झालं होतं. ते मी होऊ दिलं.