रॅमवरचं कुंकू

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या घरच्या कॉम्प्युटरने आज सकाळी तीन शिट्ट्या मारून प्राण सोडला," असं मी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. वडील हसले नाहीत. आई जाऊन महिना झाला होता, आणि तिच्या आवाजातली भुलाबाईची गाणी फक्त त्याच डब्यात होती.

मी डबा उघडला. रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून लावून पाहिल्या. एकीवर मशीन सुरू झालं, दुसरीवर नुसत्या शिट्ट्या. त्या दुसरीच्या सोनेरी दातांवर कुंकू वाळलेलं होतं.

दसऱ्याला मी सगळे भाग पुसून पाटावर मांडले होते. कुंकू लावताना आईने विळ्यापासून पेचकसापर्यंत कोणालाच सोडलं नव्हतं. "लहान हाये म्हणून काय झालं, यालेबी मान पाह्यजे," म्हणाली होती. आणि मी विद्वानाने ती पट्टी न बघताच परत बसवली होती; आजवर ती कशीबशी चालली एवढंच.

चांगल्या पट्टीवर गाणी लागली. वडील खाली मान घालून ऐकत राहिले. मी मोठ्या थाटात खोडरबर उचललं, कारण दात घासले की दुसरीही चालली असती. वडिलांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको बे. तिचं बोट हाये ते."