दाबातला कंद

वनस्पती संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बाई वाळलेली झाडं कागदावर चिकटवायच्या. उमेदीची सगळी वर्षं डिंकात आणि टीपकागदात गेली होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन्हीकडे हलक्या हाताचं काम, आणि हात तर आताशा भरून यायचे.

त्या वर्षी डोंगरी लिली आली. उंच कड्यांवरच्या या रानफुलाचे जुने नमुने कपाटात होते, पण अलीकडची नोंद एकही नव्हती. मोहिमेवरच्या मंडळींना ती अखेर सापडली. त्यांनी ती कंदासकट उपटली आणि लाकडी फळ्यांत आवळून पाठवली. टीपकागद बदलायला बाईंनी पट्टे सोडले, तर फूल तपकिरी पडलेलं आणि कंदाला मात्र पांढुरका कोंब फुटलेला!

"मॅडम, हिच्यात अजून धुगधुगी आहे."

संग्रहालय सांभाळणाऱ्या मॅडमनी चष्मा वर सारला. "कंद उकळत्या पाण्यातून काढायचा राहिला वाटतं. आता काढा, म्हणजे मरून नीट वाळेल; नाहीतर बुरशी धरेल."

बाईंनी पाणी ठेवलं. ते उकळून आटलं, तरी बाई स्टुलावर बसूनच.

"काय झालं?"

"हात धजत नाही, मॅडम. आज माझ्याकडून नाही व्हायचं."

मॅडमही दमल्या होत्या. "राहू द्या. फूल-पानं चिकटवा आणि लेबलवर लिहा, कंद जिवंत, वेगळा काढला."

बाईंनी तो घरी नेऊन कान तुटलेल्या कपात लावला.

"मी एक पडून आहे ती कमी होती?" सासूबाई म्हणाल्या.

"ही निदान टोमणे तर मारत नाही."

पण पान उलगडलं तशा सासूबाई स्वतःच्या औषधाआधी विचारू लागल्या, "तिला पाणी घातलंस का गं?" पुढे उन्हं तापली आणि पानाचं टोक पिवळं पडू लागलं. खालची हवा तिला मानवेना. बाईंना घर सोडून जाता येईना, म्हणून पुढच्या मोहिमेला मॅडमच कप घेऊन गेल्या.

परतल्यावर म्हणाल्या, "त्याच कड्यावर लावला. जगेल की नाही, देव जाणे."

बाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आली ती जांभई.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं.

"तिथे गारवा असेल ना?"

"असतो की."

"मग बरंय," म्हणून त्यांनी डोळे मिटले. बाई पायाशी टेकल्या. स्वयंपाक अजून व्हायचा होता.