कालिंदीबाईंनी घर तपासलं

कालिंदी परबांच्या हातात लग्नपत्रिका द्यायला नात्यातली माणसं घाबरत. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात मुद्रितं तपासण्यात घालवली, आणि छापखाना बंद पडला तरी डोळ्यांची सवय काही सुटली नाही. पत्रिका उघडली की आधी गणपतीला नमस्कार आणि लगेच, "ही तारीख रविवारी कुठे येते?" एका पुतण्याच्या लग्नात त्यांनी हे विचारलं तेव्हा पत्रिका वाटूनसुद्धा झाल्या होत्या. अर्धं वऱ्हाड आदल्या दिवशीच दादरच्या हॉलवर जाऊन भलत्याच कुणाच्या मुंजीत जेवून आलं असतं. फोनाफोनी झाली, अब्रू वाचली, पण आभार कुणी मानले नाहीत. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायची पद्धत आपल्याकडे नाहीच. 'खुसपटं काढते' एवढंच म्हणतात, तेही पाठीमागे.

अशा या बाईंवर घर विकत घ्यायची वेळ आली.

लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत त्या सून म्हणून आल्या. नवरा गिरणीत होता. आधी गिरणी गेली, मग काही वर्षांनी तोही गेला. मुलगी आरोही शिकली, बँकेत लागली. मायलेकींनी खोली दुसऱ्याला देऊन टाकली आणि मार्चअखेर किल्ली द्यायचं कबूल केलं. खोलीचे पैसे आणि आरोहीचं कर्ज मिळून एकदाच, एकच घर घेता येणार होतं. ते फसलं असतं तर दुसरं नव्हतं. कल्याणच्या पुढे नव्या इमारती होत्या, तिथे जलतरण तलावसुद्धा मिळत होता, पण कालिंदीबाईंची अट एकच होती. "परळ-लालबाग सोडून मी कुठेही यायची नाही. पोहायचं तुझं तू बघ."

आणि परळात परवडणारं घर म्हणजे उंबराचं फूल. सगळे हसत होते. तेवढ्यात सीताराम राणे देवासारखे धावून आले.

सीताराम राणे म्हणजे त्यांच्या कोकणातल्या गावच्या ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो की कुणाचं आजारपण, सीतारामभाऊंवाचून पान हलत नसे. परळच्या भोईवाड्याजवळ नव्याने बांधलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. त्यांना आता ठाण्याला मुलाकडे जायचं होतं. बाहेरच्याला देण्यापेक्षा गाववाल्याच्या पदरात पडलं तर बरं, असं ते कालिंदीबाईंच्या थोरल्या दिरांना, अण्णांना, म्हणाले. अण्णांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सगळे मिळून घर बघायला गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि चैन म्हणजे दोन न्हाणीघरं; एक आत, एक बाहेरच्या खोलीला लागून. आरोही तर त्या बाहेरच्या न्हाणीघराच्या प्रेमात पडली. जन्मभर चाळीच्या टोकाला रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला घरात दोन दोन संडास दिसले की त्याचं काय होत असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक. कालिंदीबाई मात्र नळ उघडून बघत होत्या, मोरीखाली वाकून वास घेत होत्या, भिंतीवरचं कॅलेंडर उचलून मागे डोकावत होत्या. सीतारामभाऊंच्या बायको कमलताई चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे मागे फिरत होत्या.

कालिंदीबाईंचं बघणं पुरं व्हायच्या आतच घात झाला. सीतारामभाऊंनी नारळ काढून अण्णांच्या हातात ठेवला. अण्णा देवभोळे. नारळ हातात आला आणि गाऱ्हाणं घातलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ह्या घर तुझ्या लेकराक गावता हा. काय वाकडा असात ता सरळ कर, काय चुकला असात ता सुधारून दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आरोहीसुद्धा म्हणाली. कालिंदीबाई तेवढ्या गप्प राहिल्या. एकही कागद बघितला नव्हता आणि व्यवहार मात्र थेट देवापाशी पक्का झाला होता. बयाणा दिलेला नव्हता, सही झालेली नव्हती, तरी आमच्याकडे यापुढे माघार घेणं म्हणजे गावदेवाला खोटं पाडणं. रजिस्ट्रारचा शिक्का एक वेळ पुसता येईल, पण गाऱ्हाणं कसं पुसणार?

तरी दुसऱ्या दिवशी कालिंदीबाईंनी सीतारामभाऊंना फोन केला आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ओसी म्हणतात ते, आणि पालिकेने मंजूर केलेला नकाशा मागितला.

सीतारामभाऊ म्हणाले, "वैनी, कागद कशाक व्हये? मी काय परको आसंय?"

"परके असता तर मागितले नसते भाऊजी, घरच घेतलं नसतं," कालिंदीबाई म्हणाल्या. "आपले आहात म्हणून मागते."

उत्तर चोख होतं, पण गावाला ते रुचलं नाही. अध्यक्षांकडे कागद मागितले ही बातमी लालबागपासून माहीमपर्यंत सगळ्या गाववाल्यांत पसरली. अण्णांनी बोलणं टाकलं. आरोहीही वैतागली. "आई, प्लीज यार! मुंबईत कुणाचं घर नकाशाप्रमाणे असतं? तू प्रत्येक गोष्टीत चूक शोधतेस. हे गेलं तर मार्चनंतर राहायचं कुठे आपण?"

हा प्रश्न कालिंदीबाईंना बोचला. त्यांनाही ते घर हवं होतं. फार हवं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन ओट्यावर येतं, हे त्यांनी एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हापासून मनातल्या मनात त्या ओट्यावर भांडीही लावून टाकली होती. पण म्हणून डोळे मिटून घ्यायचे? त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि वाट पाहिली. जानेवारीत नकाशाची प्रत आली. ओसी होतं, इमारत पूर्ण कायदेशीर होती. फक्त चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात न्हाणीघर एकच होतं, आतलं. बाहेरच्या खोलीला लागून जिथे दुसरं होतं, तिथे नकाशात साधा कोपरा होता. ती प्रत घेऊन त्या राण्यांच्या घरी गेल्या, तर अण्णाही तिथेच बसलेले.

"तो जुना नकाशा," सीतारामभाऊ शांतपणे म्हणाले. "मागाहून सगळा मंजूर करून घेतलेला आसा."

"मग तो मंजूर झालेला दाखवा."

"शोधूक व्हयो," ते म्हणाले, आणि अण्णांनी कालिंदीबाईंकडे असं काही पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथेच माफी मागून मोकळी झाली असती.

पण कालिंदीबाईंच्या मनात आता वेगळीच पाल चुकचुकत होती. वरच्या माणसाने नकाशात नसलेलं न्हाणीघर बांधलं, तर खालच्याच्या डोक्यावर काय येत असेल? शाई जास्त झाली की कागदाच्या दुसऱ्या बाजूलाही उमटते, हे त्यांना छापखान्यापासून माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं, हे बघायला त्या जिन्याने उतरल्या. दारात रांगोळी होती. वैदेही नाईक नावाच्या एका शिक्षिकेने दार उघडलं आणि काही विचारायच्या आतच म्हणाली, "शनिवारी हळदीकुंकू आहे, यायचं हं!"

कालिंदीबाई अडखळल्या. "मी नाही येत कुठे. मिस्टर गेले माझे."

"आमच्याकडे सगळ्यांना बोलावतो," वैदेही म्हणाली. "बाई आहे ना? मग झालं."

इतक्या वर्षांत कुणी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. त्या खाली उतरल्या त्या डोळे पुसतच. घराचं, छताचं सगळं बाजूला राहिलं, क्षणभर.

क्षणभरच. कारण शनिवारीच संध्याकाळी सीतारामभाऊंनी अण्णांना चहाला बोलावलं होतं, बयाण्याचा दिवस ठरवायला. कालिंदीबाईंनी दिराला फोन केला. इतके दिवस अबोला होता, पण भावजयीचा नमस्कार कसा नाकारणार? "भाऊजी, देवाचं बोलणं आहे. वर गेल्यावर आधी पाय धुवा आणि मग बसा."

"ता काय माका सांगूक व्हया?" अण्णा गुरगुरले. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय ते कुणाच्या घरात पाण्याचा घोट घेत नसत, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. आणि पाहुण्याला पाय धुवायला बाहेरच्या खोलीजवळचं न्हाणीघरच दाखवतात, हे कालिंदीबाईंना ठाऊक होतं.

वैदेहीचं घर बायकांनी गजबजलं होतं. तिळगूळ, अत्तर, हसणं. पण एका कोपऱ्यात कुणीच बसत नव्हतं. तिथे सोफ्यामागे एक टब होता, वर नक्षीचा रुमाल टाकलेला. छताला ताजा रंग होता, आणि रंगाखालून पिवळट नकाशा उमटला होता. कालिंदीबाई सगळ्यांना ओलांडून नेमक्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसल्या. वैदेहीला कसंनुसं झालं. "अहो, तिथे नको. वरून येतं ते. दर वर्षी रंग लावते मी. वरच्यांना सांगून सांगून थकले. ते म्हणतात, तुमचाच पाइप खराब आहे."

"बघू की," कालिंदीबाई म्हणाल्या आणि तिळगूळ खात बसून राहिल्या.

वर पाण्याचा आवाज झाला. तांब्यावर तांब्या. अण्णांचं पाय धुणं म्हणजे काही साधं काम नव्हे. थोड्याच वेळात छताला घाम फुटला, आणि रुमालावर टप, टप सुरू झालं.

कालिंदीबाईंनी फोन लावला. "भाऊजी, तसेच खाली या. तिसऱ्या मजल्यावर."

बायकांच्या हळदीकुंकवात एक सत्तरीचा पुरुष ओल्या पायांनी शिरला तेव्हा सगळ्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. अण्णांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "खय उभो रव?" ते पुटपुटले. कालिंदीबाईंनी कोपरा दाखवला. ते तिथे उभे राहिले आणि त्यांच्या तुळतुळीत टकलावर एक थेंब पडला. मग दुसरा.

"ह्या काय?"

"तुमच्याच पायांचं पाणी, भाऊजी," कालिंदीबाई म्हणाल्या. "तीर्थ म्हणून या घरावर पडतंय."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्या. हसली नाही ती वैदेही. तिने तोंडाला पदर लावला होता. आपण खोटं बोलत नव्हतो हे जगाला दिसलं, की माणसाचं असंच होतं. अण्णा मात्र टक्कल पुसत तिच्याकडे बघत राहिले आणि मग जिना चढू लागले. मागोमाग कालिंदीबाई.

वर सीतारामभाऊ बशीत चहा ओतत होते. "सीताराम," अण्णा दारातूनच कडाडले, "माझ्या पायाचा पाणी बायकांच्या डोक्यार घालतंस?"

पितळ असं लख्ख उघडं पडल्यावर सीतारामभाऊ काय बोलणार? तरी बोलले. कामगार चुकला म्हणाले, सगळेच असं करतात म्हणाले, शेवटी हुकमी पत्ता काढला. "पण अण्णा, गाऱ्हाणा घातलेला आसा. देवापुढचा शब्द मोडतलास?"

अण्णा खरोखरच गांगरले. तेव्हा कालिंदीबाई पुढे झाल्या.

"शब्द कशाला मोडायचा? भाऊजींनी गाऱ्हाण्यात काय मागितलं? चुकलं असेल ते सुधारून दे. तुम्ही व्हय म्हणालात, सीतारामभाऊजी. मी म्हटलं नव्हतं. तेव्हा सुधारायचं तुम्ही. हे न्हाणीघर तोडा, लादीखालचं पाणी बंद करा, वैदेहीचं छत स्वतःच्या खर्चाने नीट करून द्या आणि सोसायटीचं पत्र आणा. घर नकाशासारखं झालं की मी घेते. पण जेवढं आहे तेवढ्याचीच किंमत देईन."

मग कमलताई, ज्या इतके दिवस ट्रे घेऊन गप्प होत्या, म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." अण्णा फसकन हसले, आणि मग सीतारामभाऊंनाही हसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

फेब्रुवारीभर त्या घरात हातोडे चालले. कालिंदीबाई रोज जाऊन उभ्या राहत. काम झाल्यावर त्यांनी जमिनीवर पाणी तुंबवलं आणि खाली वैदेहीकडे जाऊन चहा घेत बसल्या. छत कोरडं. दुसऱ्या दिवशीही कोरडं. तेव्हा कुठे त्यांनी सही केली, आणि तीही करारातलं इमारतीचं नाव दुरुस्त करून घेतल्यावर. मार्च संपायच्या आत किल्ली हातात आली, चाळीतली भांडी परळच्या ओट्यावर गेली. आरोही पहिल्या सकाळी उन्हात उभी राहून म्हणाली, "आई, सॉरी." कालिंदीबाई म्हणाल्या, "चहा घे." आनंदाने त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

पाडव्याला अण्णा सकाळीच आले. घरातले थोरले म्हणून गुढी उभारण्याचा मान त्यांचा. आरोहीने काठीला साडी बांधली, वर तांब्या उपडा घातला. खिडकीपाशी अण्णांनी काठी हातात घेतली, खाली गल्लीकडे पाहिलं, आणि तशीच कालिंदीबाईंपुढे धरली.

"मी?" त्या मागे सरकल्या. "माझ्या हातून कशी?"

"घर कोणी उभा केला?" अण्णा म्हणाले. "घी, धर."

कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी काठी धरली. समोरच्या इमारतीतून कुणीतरी बघत होतं, बघू दे. त्यांनी गुढी खिडकीबाहेर काढली आणि परळच्या वाऱ्यावर सरळ उभी केली.