मागं पाहणारी लेन्स

नवऱ्यानं लग्नाच्या फोटोंसाठी लांबून टिपणारी नवी लेन्स घेतली. उद्याच जैनथ गावात एक लग्न टिपायचं, आणि माझा फोटो काढून पाहावं तर चेहरा धूसर, मागच्या दोरीवरची चादर लख्ख.

“हालून राह्यली तू.”

“मी? श्वास तरी घेतला का!”

मग त्यांनी खाटेवर वाळणाऱ्या सांडग्यांच्या ओळीत एकावर लाल मिरची ठेवली आणि तिच्यावरच फोकस धरला. फोटोत मिरचीमागचा सांडगा स्पष्ट आला. लेन्सच मागं पाहत होती! ते फोकस पुढं-मागं सरकवणारा कॅमेऱ्यातला आकडा बदलत गेले, मी दरवेळी वाकून पाहत गेले. शेवटी मिरची साफ दिसली.

“आता तू बस पुन्हा.”

फोटोला बसायची मला लाज वाटते. पण फोटोत डोळा किती साफ दिसतो ते मलाच पाहायचं होतं.

पापणीचा एकेक केस दिसला.

“चला, उद्या लग्नाला लेन्स नेता येते,” ते म्हणाले.